न जोडलेला भाग

गणिताच्या एका मुक्त सॉफ्टवेअरच्या चाचण्या एकूण दोन हजार एकशे चौदा होत्या आणि मबारारा शहरातल्या आमच्या प्रयोगशाळेतल्या जुन्या संगणकावर त्या सगळ्या पास झाल्या. त्याची ऑपरेटिंग सिस्टिम जगात फारसं कुणी वापरत नाही. हे सॉफ्टवेअर तिच्यावर पहिल्यांदा चालवलं ते आम्ही.

"हे कुठे कुठे चालतं, त्या अधिकृत यादीत आता आपलं नाव लागणार," तुमविने सर म्हणाले. "माझ्या सासऱ्यांना अजून वाटतं, मी टायपिंग शिकवतो."

हसत हसत मी नोंदी चाळल्या आणि थांबले. मोठ्या संख्यांचे अवयव पाडणारा भाग मी सकाळी जोडायलाच विसरले होते. तरी त्याच्या चाळीसही चाचण्या पास होत्या.

"सर, तो भाग यात नाहीच."

"मग उत्तरं कोण देतंय? तुझी आत्या?"

आम्ही नेटवर्कची तार काढली. संगणकाच्या घड्याळावर सरांचा कधीच विश्वास नसतो, म्हणून टाइप केल्यापासून उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजायला त्यांनी मनगटावरचं घड्याळ समोर धरलं. मी कागदावर दोन मूळ संख्या निवडल्या आणि त्यांचा गुणाकार करू लागले.

"येईल ते लिहायचं," सर म्हणाले. "खोटं लिहून आपण यादीत जाणार नाही."

गुणाकार संपवून मी मान वर केली. माझ्या दोन्ही मूळ संख्या पडद्यावर होत्या. सर त्यांच्याकडेच बघत होते.

"टाइप कर," ते हळूच म्हणाले.

मी गुणाकार टाइप केला. सरांनी घड्याळात बघून सेकंदांचा आकडा सांगितला आणि मी तो नोंदवहीत लिहिला. उत्तराला लागलेला वेळ: उणे अकरा सेकंद.