वरच्या फळीवरचा जावई

पाण्याची तिसरी पळी तापलेल्या दगडांवर रिकामी झाली आणि वाफेचा लोट सौनाच्या, म्हणजे घरच्या लाकडी वाफघराच्या, छताला लागून खाली आला. धाकटा मेहुणा वेसा कान चोळत बाहेर पळाला. थोरला त्याच्या मागोमाग गेला. शेवटी सासरे, ताइस्तो, तेही उठून गेले. सगळ्यात वरच्या फळीवर आर्तू एकटा उरला.

त्यालाही उठायचं होतं. मांड्या ऐकत नव्हत्या. दार लागल्यावर तो बुडावर घसरत, तान्ह्या पोरासारखा, एकेक फळी खाली आला आणि भिंतीला धरून कसाबसा उभा राहिला.

"मानलं तुला, गड्या," जेवताना वेसा म्हणाला. "आम्ही तुला लोण्याचा गोळा समजत होतो."

बारा वर्षं आर्तू या घरात हेलसिंकीहून आलेला, पोरांना पियानो शिकवणारा जावई होता. पहिल्याच पळीला तो धूम ठोकायचा आणि मेहुणे त्यावर आठवडाभर हसायचे. जानेवारीपासून मात्र दर शनिवारी तो सगळ्यांच्या शेवटी बाहेर येत होता. भाजलेल्या सॉसेजचा पहिला तुकडा आता त्याच्या ताटात पडायचा. पायांनी दगा दिला आणि इज्जत वाढली. असा सौदा कोण मोडेल? जिना चढताना कठडा लागतो, केस धुताना हात वर जात नाहीत, हे त्याने कुणालाच सांगितलं नाही.

मार्चमध्ये बायकोने, रीक्काने, परस्पर डॉक्टरांची वेळ घेतली. "मंगळवारी नऊला," एवढंच म्हणाली. रक्ततपासणीत स्नायू तुटत असल्याची खूण नेहमीच्या तीसपट निघाली. मग मांडीतून चिमूटभर मांस काढून तेही तपासलं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, आजार दुर्मीळ आहे; शरीराचे पहारेकरीच घरच्या स्नायूंना चोर समजून बडवत सुटलेत. स्टेरॉइडच्या गोळ्या, बेताचा व्यायाम, दर महिन्याला रक्त तपासणं, आणि मनाने गोळ्या बंद करायच्या नाहीत. आर्तूने एकच शंका विचारली: सौनाचं काय?

"बसा की," बाई म्हणाल्या. "स्वतःच्या पायांनी उठता येईल तोवर."

सासरी काही कळू द्यायचं नाही, अशी त्याने रीक्काला शपथ घातली. गोळ्यांनी तोंड भोपळ्यासारखं फुगलं. भूक तर अशी लागली, की सासूबाई हरखून गेल्या. मे सरता सरता पायांत जीव आला आणि आर्तूला शनिवारची धास्ती वाटू लागली. बरं होणं म्हणजे पुन्हा पहिल्या पळीला पळणं. शुक्रवारच्या गोळ्या चुकून राहिल्या तर, असंही एकदा मनात येऊन गेलं. मग स्वतःचीच लाज वाटली आणि त्याने त्या तिथल्या तिथे गिळल्या.

जूनमधल्या एका शनिवारी चौघं वर बसले. पहिली पळी पडली. आर्तूने दात आवळले. दुसरी पडली, तसा तो हात न टेकता उठला, "मला नाही सोसत," म्हणाला आणि बाहेर आला. मागे वेसाचं खिदळणं ऐकू आलं. तळ्याकाठच्या बाकावर तो मान खाली घालून बसला. सहा महिन्यांची कमाई गेली होती.

थोड्या वेळाने ताइस्तो घाम निथळत आले आणि शेजारी बसले. बारा वर्षांत ते असे कधी बसले नव्हते.

"एका दमात उठलास आज," ते म्हणाले.

आर्तूने चमकून पाहिलं. "तुम्हाला माहीत होतं?"

"रीक्काच्या कानावर कुणी घातलं मग?"

"अहो, मग मलाच विचारायचं ना."

जावयाचं आता डोकंही तपासून घ्यावं लागणार, अशा नजरेने म्हातारा त्याच्याकडे बघत राहिला.

"माणसाला असं तोंडावर विचारतात होय? त्यापेक्षा हिवाळाभर मी दाराला कान लावून बर्फात नागडा उभा राहिलो, तू धड खाली उतरेपर्यंत."