मापाचं भांडं

मानसिंगाचं भांडं दीड लिटर भरलं. गेनबाचं दुखणं खरं तर छातीचं, पण त्या क्षणी दुखलं ते पोटात.

"शाब्बास, मानसिंगबाबा!" फौजिया सिस्टरनं आकडा कागदावर लिहिला. "एवढं पाणी निघतंय, तरी पायांची सूज कशी उतरेना?" मग तिनं गेनबाचं भांडं उजेडात धरलं. "तुमचं नऊशे. ठीक आहे, बाबा."

ठीक! गेनबाला तो शब्द मिरचीसारखा झोंबला.

दोघंही कामथडीचे. दोघांचंही हृदय थकलेलं, फुफ्फुसात पाणी साठलेलं. भोरच्या एकाच दवाखान्यात खाटाही शेजारी शेजारी. आडवं झालं की जीव गुदमरायचा, म्हणून पाठीशी तीन-तीन उशा. मीठ बंद. प्यायला दिवसाला एक लिटर पाणी, तेही मोजून. इंजेक्शन दिलं की साठलेलं पाणी लघवीवाटे निघायचं. ते न्हाणीघरात जाऊन मापाच्या भांड्यात धरायचं आणि सिस्टरला दाखवायचं.

आणि मापात मेला मानसिंग इथंही पुढं! गावच्या डेअरीत वीस वर्षं हेच चाललेलं. दोघांच्याही दोनच गाई, पण मानसिंगाचं दूध रोज चार लिटर जास्त. फॅट तेवढी कमी लागायची. "जातच तशी हाय गाईची," म्हणायचा. गेनबानं पेंड वाढवली, गाय बदलली, धार नीट काढत नाही म्हणून बायकोवर खेकसला. पण दरसाल पहिल्या नंबराचा नारळ मानसिंगाच्याच हातात.

हितं तरी हरायचं न्हाई, गेनबानं ठरवलं. हिशोब सोपा होता. जास्त प्यायलं की जास्त निघणार. न्हाणीघरात गेला की तो नळ सोडायचा आणि ओंजळीनं घटाघटा प्यायचा.

दुसऱ्या दिवशी त्याचं बाराशे भरलं. सिस्टर शाब्बास म्हणाली. गेनबानं शेजारच्या खाटेकडं बघून मिशीवर हात फिरवला.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्याच्या छातीत घरघर सुरू झाली. ओठ काळेनिळे पडले. "आवो सिस्टर, धावा!" सखूबाईनं, त्याच्या बायकोनं, हंबरडाच फोडला. तोंडाला मास्क लागला, इंजेक्शनं झाली. तासाभरानं श्वास जरा जागेवर आला.

"बाबा, किती पाणी प्यायलात?" डॉक्टरांनी विचारलं.

गेनबानं मास्क वर केला. "लई. नळाचं. या मानसिंगाच्या वर जायचं व्हतं."

सखूबाईनं कपाळावर हात मारला. "मरायला टेकलाय आन चढाओढ कसली करताय वो!"

मानसिंग खाटेवर उठून बसला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्यानं दोन्ही हात जोडले.

"गेनबा, माज्यापायी मेला असतास रं. माजं पाचशेच्या वर कदी गेलंच न्हाई. तुज्या म्होरं ऱ्हायाचं म्हनून मी त्याच नळाचं पाणी भांड्यात ओतत व्हतो."

गेनबा त्याच्याकडं बघतच राहिला. मग त्यानं पुन्हा मास्क वर केला.

"आन डेअरीत?"

मानसिंगानं मान खाली घातली.

"तितं इहिरीचं."