अर्धा चोक

चोक अर्धा ओढायचा. पूर्ण ओढला की संपलं. ॲक्सिलरेटर दोनदा दाबायचा, पाय काढून घ्यायचा, मग चावी. इंजिन खोकलं की त्याच क्षणाला चोक आत ढकलायचा. जरा हात मागे राहिला की पेट्रोल जास्त होतं, प्लग भिजतात आणि मग बसा बोंबलत.

आज हात मागे राहिला. फोन वाजला म्हणून.

शेजारच्या सीटवर बर्फाचा डबा होता. डब्यात उपाशीपोटी ताटकळलेल्या म्हाताऱ्यांचं रक्त होतं. घरोघरी जाऊन ते काढायचं आणि वेळेत लॅबला पोचवायचं, ही तिची नोकरी. हात इतका हलका की लहान पोरंही रडायची नाहीत. पण हलक्या हाताचं कौतुक पोरांना. लॅबला नळी वेळेवर हवी.

"कुठे पोचलात?" फोनवर लॅबचे साहेब होते.

"निघालेच आहे, सर."

"म्हणजे निघाला नाहीत. बाई, तुमच्या त्या डबड्याचे लाड पुरवायला मी बसलेलो नाही. पुन्हा उशीर झाला तर दुसरी मुलगी बघतो."

प्लग वाळेपर्यंत ती स्टिअरिंगवर डोकं टेकून बसली. दुसरं काय करणार? ही गाडी बनवायचं कंपनीने कधीच बंद केलं होतं. भाग मिळत नव्हते. रस्त्यात तशीच दुसरी दिसली की शेजारणीचा गुणी जावई बघावा तशी ती बघत राहायची.

घरी तर ही गाडी म्हणजे फुकटची करमणूक. वडिलांनी दिलेली, म्हणून सासू तिला 'हिचं माहेर' म्हणायची. नवरा पाहुण्यांना सांगायचा, "आमच्याकडची शोभेची वस्तू." दिराने एकदा हौसेने चालवायला घेतली होती. प्लग भिजवले, टायरला लाथ घातली आणि पुन्हा तिच्या वाट्याला गेला नाही. त्याच्याकडे वहिनीची स्कूटर होती. दोन दिवसांसाठी नेलेली. ते दोन दिवस अजून संपले नव्हते. तिचं टेबल असंच पुतण्याच्या अभ्यासाला गेलं होतं, कपाट सासूच्या खोलीत. कुणी हिसकावलं नव्हतं. गोड बोलून नेलं होतं.

मेकॅनिक वडिलांच्या ओळखीचा. "ताई, कार्बोरेटर पार झिजलाय. नवा आता कुठे मिळणार?"

"कुठूनही आणा. चोरून आणा." बोलता बोलता ती गॅरेजच्या दारातच रडायला लागली. "माझी नोकरी जाईल हो."

रडलेलं त्याला बघवलं नसावं. भंगारवाल्यांचे उंबरे झिजवून त्याने शेवटी एक गाडी शोधून काढली. मागून चेपलेली, पुढून कोरी. तिचा कार्बोरेटर काढून हिला बसवला.

तिने चावी फिरवली. चालू झाली. चोक नाही, खोकला नाही. तिने बंद केली, परत चालू केली, परत बंद केली. पोरगं दिव्याच्या बटणाशी खेळतं तशी.

घरी नवरा खालीच उभा होता. "बघू," म्हणत त्याने चावी घेतली. त्याच्याही हातून पहिल्या झटक्यात चालू झाली. दीर धावत आला. "वहिनी, ही तर माणसात आली की." सासू खिडकीतून म्हणाली, "चला, घरात गाडी आली म्हणायची." सगळे खूश झाले. ते खूश झाले म्हणून तीही खूश झाली. हाच तिचा जुना आजार होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती डबा घेऊन खाली आली, तर गाडीच्या जागी तेलाचा डाग.

"तुझा दीर मित्राला सोडायला गेलाय. येईल," नवरा पांघरुणातून म्हणाला.

"मला कामाला लागते ती."

"मग? आम्ही काय चोर आहोत? घरातलीच गाडी आहे ना. तुझं-माझं कसलं करतेस?"

ती डबा उचलून पायी निघाली. मिळेल त्या वाहनाने, जमेल तशी पळत. एका आजींना उपाशीपोटी वाट बघून भोवळ आली. लॅबचे साहेब आज ओरडलेही नाहीत. "उद्या शेवटची संधी," एवढंच म्हणाले. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

संध्याकाळी गाडी आली. सीट मागे सरकवलेली, आत सिगारेटचा वास. चावी हॉलमधल्या खिळ्याला लटकली, घरच्या सगळ्या चाव्यांबरोबर. "उद्या मी नेणार आहे," नवरा टीव्हीवरची नजर न काढता म्हणाला. तिने कुणाशी वाद घातला नाही. सगळे टीव्हीत गुंतलेत असं बघून खिळ्यावरची चावी काढली आणि तडक गॅरेज गाठलं.

मेकॅनिक हात धूत होता. "काय झालं ताई? त्रास देतेय?"

"नाही. छान चालते. जुना कार्बोरेटर आहे, का टाकून दिलात?"

"पडलाय तिकडे कोपऱ्यात. का?"

"तो परत बसवा."

तो हसला. मग तिचा चेहरा पाहून त्याचं हसू विरलं. "अहो, परवा रडत होतात ह्याच्यासाठी. उशीर होतो म्हणून."

"लवकर उठेन."

"ताई, शहाण्यासारखं बोला. तो बसवला, तर तुमच्याशिवाय कुणाच्या बापाला ही गाडी चालू व्हायची नाही."

तिने चावी त्याच्या ओल्या हातात ठेवली.

"आत्ताच बसवा. मी थांबते."