राजाची उडी

छप्पन साली मुलुंडच्या व्यायामशाळेत म्हाताऱ्यांच्या बुद्धिबळ स्पर्धेचा अंतिम डाव होता. गुणाजीला मरण्याआधी एकदा तरी ढाल जिंकायची होती. मी त्याचा राजा कोंडला, तशी त्याने तो घोड्यासारखा अडीच घरं उडवला. पंच खेकसला, "आजोबा, ही उडी चालत नाही! हात लावलात, आता राजाच हलवा." दुसरीकडे कुठेही हलवला तरी माझ्या पुढच्याच खेळीत मात होती. गावच्या देवळात आम्ही खेळायचो तेव्हा डावात एकदाही शह न बसलेल्या राजाला अशी एक उडी असायची. गोरा साहेब गेला आणि त्याचे नियम आमच्या पटावर सोडून गेला. "त्याच्या राजाला अजून शह बसलेला नाही. उडी बरोबर आहे," मी पंचाला सुनावलं. गुणाजी माझ्यावरच उखडला, "मेल्या, भीक घालतोस?" "गप! ह्या उडीला उत्तर असतं तर सोडलं असतं तुला?" मी हार मानून माझा राजा आडवा केला.