डावीकडची खुर्ची

"तुझी आई आजही नाही आली?" मास्तरांनी लेकीला विचारलं.

आई त्यांच्या डाव्या हाताला, वीतभर अंतरावर खुर्चीत बसली होती. लेकीने ओठ आवळले. तशी सक्त ताकीदच होती.

मास्तर म्हणजे चाळीस वर्षं मशीनवर बसलेले शिंपी. झटका मेंदूच्या उजव्या बाजूला आला. डावा हात-पाय लुळा पडला, जीभ मात्र कात्रीसारखी चालत होती. व्यायाम घेणाऱ्या बाईंनी समजावलं होतं, "झटका डाव्या बाजूला आला असता, तर बहुधा वाचा गेली असती, पण काय गेलं ते कळलं असतं. यांचं उलटं. डावीकडचं जग यांच्या लेखी उरलेलंच नाही, आणि ते हरवलंय याचाही पत्ता नाही. तुम्ही तिकडेच बसा. हाक मारू नका, हात लावू नका. आपणहून बघतील, त्या दिवसापासून चालायला शिकवू. तोवर दारा-भिंतींवर आदळतील."

सहा दिवस आई मुकाट बसली, व्रत घेतल्यासारखी. मास्तर ताटातलं उजवीकडचं जेवायचे, डावीकडचं तसंच राहायचं, आणि वर तक्रार, "इथे वाढणाऱ्यांचा हात आखडलाय!" तिला हसूही यायचं, रडूही यायचं.

"आई नाही ना? मग सांगतोच," मास्तर आज म्हणाले. "गिऱ्हाईक माझी शिलाई नावाजतं. पण कोटाचा सगळा रुबाब काजांत असतो. अन् काजं एकूण एक तिच्या हातची. लोक म्हणायचे, मास्तर, काय हात आहे तुमचा! अन् मी आपला खुशाल मान डोलवायचो."

"मग तिलाच सांगा की, बाबा."

"तोंडावर? छे! डोक्यावर मिऱ्या वाटेल माझ्या."

आईने तोंडावर हात दाबला. हे चार शब्द कानी पडायला माणसाच्या नजरेतून पार पुसलं जावं लागलं. असू दे. देवा, एवढंही पुष्कळ झालं, ती मनात म्हणाली.

मास्तरांची मान हलली. अडली. मग जरा जरा सरकत पुरती डावीकडे वळली.

"रडतेस काय? आधी तो स्वेटर सुलटा घाल. शिवणी बाहेर आल्यात. सकाळपासून बघतोय मी."