सातही दिवस पाऊस

आईच्या आवाजामागे मळणीयंत्राची घरघर होती. पुण्यात सुवर्णाने फोन कानाला घट्ट धरला. घरघर एकसारखी होती, मध्ये एकदाही अडखळली नाही.

“माय, या रविवारी न्याले येऊ ना? आता आमच्याकडंच राहा.”

“हा आठवडाबी पाण्याचाच हाय. लोणारकडं आभाळ काळंभोर झालं. रस्त्यात अडकून पडसान.”

सलग तिसऱ्या आठवड्यात भिमाबाईंचा अंदाज तोच होता. सुवर्णाने मोबाइलवर पाहिलं. लोणारचे पुढचे सातही दिवस कोरडे होते.

“इथं तर ऊन दाखवते, माय.”

“तुह्या पुण्याच्या मोबाइलले इथलं आभाळ काय समजते?”

आई एखादं आजारपण तर लपवत नव्हती? सुवर्णाने आवाज शांत ठेवला.

“अंगणात काय काढून राह्यले?”

“सोयाबीन.”

“ओलं? मंग यंत्र अडकत कसं नाही?”

तिकडे कोणीतरी यंत्र बंद केलं.

“पाणी कुठं हाय, पोरी,” भिमाबाई म्हणाल्या. “मले तिकडं राह्याले याचंच नाही.”