पंचवीस नंबरचं झाड

“तिथं झाड आहे,” कल्याण दहातोंडे म्हणाले.

निवेदिताने पुन्हा पाहिलं. बाकाशेजारी गुडघाभर खोल खड्डा होता. तळाशी वेफर्सचं रिकामं पाकीट.

“खड्डा आहे,” ती म्हणाली.

“तुम्ही खड्डा बघताय. मी रजिस्टर बघतोय.” दहातोंडे नगरपरिषदेच्या उद्यान विभागाचे पर्यवेक्षक होते. खरं तर सगळा विभाग म्हणजे तेच. ते आणि मागे खुरपं घेऊन उभा असलेला सहादेव माळी. त्यांनी वही उघडून एका ओळीवर बोट ठेवलं. “पंचवीस नंबर. देशी झाड. उंची साडेसात फूट. वाढ जोमदार.”

“साहेबांच्या वहीत लई चांगला पाऊस पडतो,” सहादेव म्हणाला.

“तू गप रे.”

निवेदिताच्या एका हातात बकुळीचं दीड फुटी रोप होतं, दुसऱ्या हातात कापडी पिशवी आणि पिशवीत स्टीलचा छोटा डबा. तिच्या वडिलांची, अण्णांची, सगळी रक्षा नेवाशाला प्रवरेत सोडायची, असं काकांनी ठरवलं होतं. तिने मूठभर मागे ठेवली होती. आता गावोगाव लोक रक्षा खड्ड्यात घालून वर झाड लावतात. अण्णांना ते पटायचं.

“मग झाड गेलं कुठं?”

दहातोंड्यांनी बागेच्या दुसऱ्या टोकाला हात केला. तिथे लाल-पिवळी घसरगुंडी होती.

“ते तिथं. जुन्या घसरगुंडीचा पत्रा उचकटला होता. एका मुलीच्या मांडीला सात टाके पडले. बजेटमध्ये घसरगुंडीला छदाम नव्हता. वृक्षारोपणाला होता, तोही एकतीस मार्चला परत जाणार. खड्डे खणून तयार होते. मग रोपं आली, लावली आणि जगली, हे सगळं एका दुपारी लिहून टाकलं. चाळीस झाडं. नुसती शिडीच अकरा झाडांची आहे.”

घसरगुंडीवरून दोन मुली ओरडत खाली आल्या.

“चांगलं केलंत,” निवेदिता म्हणाली. “आता खरं लावू या.”

“एका खड्ड्यात दोन झाडं कशी दाखवू? आधीचं तोडल्याशिवाय दुसरं लावता येत नाही. आणि तोडायचं तर वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. चार महिने जातात.”

“नसलेलं झाड तोडायला?”

“त्याआधी पाहणीला येतात ना,” दहातोंडे खिन्नपणे म्हणाले. “तिथंच अडचण आहे.”

त्यांनी शौचालयामागची जागा सुचवली. तिथे वहीत काहीच दाखवलेलं नव्हतं, त्यामुळे हवं ते लावता आलं असतं.

“अण्णा पंधरा वर्षं या बाकावर बसले,” निवेदिता म्हणाली. “काका उद्या सकाळी गाडी घेऊन येतील. इथं जमलं नाही, तर हा डबाही नदीत जाईल.”

“अण्णा म्हणजे?”

“यज्ञेश्वर क्षीरसागर.”

दहातोंड्यांनी वही मिटली. “अर्जवाले सर?”

“हो.”

“पंचवीस नंबरच्या खड्ड्यात झाड केव्हा लावणार, असे त्यांचे सात अर्ज आहेत माझ्याकडे.”

“काय उत्तर दिलंत?”

“लावलं आहे, असं कळवलं. सातही वेळा. मुदतीत.”

निवेदिताला हसू फुटलं. बारा दिवसांनी हसल्यामुळे गाल दुखले. दहातोंडेही हसणार होते, पण तिच्या हातातल्या पिशवीकडे पाहून त्यांनी खोकून घेतलं.

सहादेव पुढे आला. “साहेब, तोडायचं कशाला? वहीत झाड हाय, खड्ड्यात न्हाई. ताई झाड घेऊन आल्यात. हेच ते.”

“म्हणजे?”

“म्हंजे आज आपुन काय बी लावलंच न्हाई. दोन वर्सांपूर्वी लावल्यालं हाय.”

दहातोंड्यांनी खड्ड्याकडे पाहिलं, रोपाकडे पाहिलं. मग बूट काढून बाकाखाली ठेवले.

सहादेवने पाकीट उचललं, तळाची माती भुसभुशीत केली. निवेदिताने डब्याचं झाकण उघडलं. मूठभर म्हणून ठेवलेली रक्षा प्रत्यक्षात मूठभरही नव्हती. सहादेवने रोप धरलं, तिने हातांनी माती लोटली. सगळी लोटून झाल्यावरही ती थोडा वेळ तळवे मातीवर दाबून बसली. कुणी घाई केली नाही.

“पाणी?” तिने विचारलं.

“वहीत पाण्याचा खर्च दोन वर्षं पडतोय,” दहातोंडे म्हणाले, आणि अनवाणीच रस्ता ओलांडून समोरच्या चहावाल्याकडून बादली भरून घेऊन आले.

पाणी मुरलं. मग त्यांनी खिशातून टेप काढली, रोपाला लावली आणि वही उघडली.

“मार्चमध्ये साडेसात फूट. आज दीड.” त्यांनी कपाळाला हात लावला. “सहा फूट उंची कमी झाली. शेऱ्यात कारण लिहावं लागेल.”

“शेळीनं खाल्लं, लिवा,” सहादेव म्हणाला.

“मग शेळी आत आली कशी, म्हणून कुंपणाचं विचारतील. कुंपणाला कुठं पैसे आहेत?”

निवेदिता हाताची माती झटकत उठली.

“आजारपणात फार खंगलं होतं, लिहा,” ती म्हणाली. “आता बरं आहे.”